कोड बरोबर, नोंद चुकलेली

ओपनएसएसएल ही इंटरनेटवरचा मजकूर कुलूपबंद ठेवणारी लायब्ररी जगभरातल्या असंख्य सर्व्हरवर चालते. २०१९च्या सुरुवातीला तिच्या असेंब्ली कोडमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या एकेका आज्ञेच्या रूपात लिहिलेल्या कोडमध्ये, एक दुरुस्ती दाखल झाली. ती पाठवली होती गूगलच्या डेव्हिड बेंजामिन यांनी. या दुरुस्तीने एकाही गणिताचं उत्तर बदललं नाही, वेग वाढला नाही, सुरक्षेतलं एखादं भगदाडही बुजलं नाही. दुरुस्त झाल्या त्या फक्त कोडच्या शेजारी लिहिलेल्या नोंदी.

त्यातली एक चूक तर अवघ्या एका आज्ञेपुरती होती. गुप्त किल्ल्यांच्या गणितात वापरल्या जाणाऱ्या पी-२५६ या वक्रावर दोन बिंदूंची बेरीज करणारं एक फंक्शन आहे. दोन्ही बिंदू एकच निघाले तर बेरजेचं सूत्र चालत नाही, दुप्पट करण्याचं वेगळं सूत्र लावावं लागतं. अशा वेळी कोड थेट दुप्पट करणाऱ्या फंक्शनच्या मध्यात उडी मारतो. बेरजेसाठी ३२ बाइटचे १८ कप्पे घेतलेले असतात, दुपटीला ५ पुरतात. म्हणून उडीआधी १३ कप्पे, म्हणजे ४१६ बाइट जागा परत करायची असते. ती परत करणारी आज्ञा पार पडली आणि उडीची आज्ञा अजून व्हायची आहे, एवढ्या एका क्षणी नोंद मात्र सांगत होती की जागा अजून घेतलेलीच आहे.

कोड बरोबर होता, नोंद चुकली होती. प्रोसेसर अब्जांश सेकंदात पार करतो अशा त्या टप्प्यावर कुणी बाहेरून विचारलं असतं की ‘इथे कुठून आलास?’, तर उत्तर खोटं मिळालं असतं.

हे प्रकरण दूरच्या कुठल्या प्रयोगशाळेचं नाही. भाईंदरहून चर्चगेटची लोकल पकडणारा प्रवासी फोनवर बँकेचं ॲप उघडतो, मीरा रोडच्या दुकानात कुणी क्यूआर कोड स्कॅन करतं, उत्तनहून एखादी मुलगी परीक्षेचा फॉर्म भरते. या प्रत्येक कामात फोन आणि पलीकडचा सर्व्हर आधी एकमेकांशी गुप्त किल्ली ठरवतात आणि मग मजकूर कुलूपबंद करतात. अँड्रॉइडने २०१५ साली ६.० या आवृत्तीपासून ओपनएसएसएलची जागा बोरिंगएसएसएल या तिच्याच गूगलने वाढवलेल्या शाखेला दिली. या दोन्ही लायब्रऱ्यांचा सर्वांत वेगवान भाग माणसांनी हाताने लिहिलेल्या असेंब्लीत आहे. हाताने लिहिलेल्या त्या प्रत्येक ओळीबरोबर परतीची नोंदही हातानेच लिहावी लागते.

परतीचा पत्ता राहतो कुठे?

एक फंक्शन दुसऱ्याला बोलावतं, दुसरं तिसऱ्याला. तिसऱ्याचं काम संपलं की दुसऱ्यात नेमकं कुठे परतायचं, हे कुठेतरी लिहून ठेवावं लागतं. त्यासाठी मेमरीचा एक पट्टा राखलेला असतो, त्याला स्टॅक म्हणतात. इंटेल आणि एएमडीच्या ६४ बिटी प्रोसेसरवर ‘कॉल’ ही आज्ञा चालली की परतीचा ८ बाइटचा पत्ता स्टॅकवर जातो. पुढे फंक्शन आपल्या कामासाठी तिथेच आणखी जागा घेतं, प्रोसेसरच्या रजिस्टर नावाच्या खणांमधल्या जुन्या किमती ठेवतं, आणि जाताना सगळं होतं तसं करून देतं.

प्रोग्रॅम नीट चालत असेल तर मागे वळून पाहायची गरज पडत नाही. ती पडते अडचणीच्या वेळी. ॲप कोसळलं, तर ते कुठून कुठे जाऊन कोसळलं याची साखळी कंपनीला हवी असते. सर्व्हर मंद झाला, तर वेळ कोणत्या फंक्शनमध्ये जातो हे शोधणारा प्रोफायलर दर सेकंदाला शेकडो वेळा प्रोग्रॅमला मध्येच थांबवून ती साखळी वाचतो. सी++ मध्ये एक्सेप्शन, म्हणजे अडचणीची हाक, उठली, तर ती सांभाळणारं फंक्शन मिळेपर्यंत एकेक चौकट, म्हणजे एकेका फंक्शनने स्टॅकवर व्यापलेली जागा, ओलांडत मागे जावं लागतं. स्टॅकच्या या उलट प्रवासाला अनवाइंडिंग म्हणतात आणि तो करणाऱ्या कोडला अनवाइंडर.

अनवाइंडरपुढे पट्ट्यावर आकडे नुसते ओळीने पडलेले असतात. परतीचा पत्ता कोणता, जपून ठेवलेली किंमत कोणती आणि निव्वळ कच्चं काम कोणतं, हे आकड्यांकडे पाहून कळत नाही. जमिनीच्या व्यवहारात सातबारावरचं आजचं नाव मागे कुणाकुणाकडून आलं हे फेरफारांच्या नोंदी उलट वाचून कळतं. एक फेरफार नोंदवायचा राहिला की पुढचा सगळा शोध भलत्याच खातेदाराकडे जातो. स्टॅकवरही प्रत्येक बदलाची अशीच नोंद लागते. प्रोग्रॅमर मंडळी तिला सीएफआय म्हणतात.

पूर्वी याहून सोपी सोय होती. प्रत्येक फंक्शन आरबीपी नावाचं एक रजिस्टर राखून ठेवायचं. त्यात आधीच्या चौकटीचा पत्ता असे, तिथे त्याच्याही आधीच्या चौकटीचा. एकेक दुवा पकडत मागे जाता येई. पण त्यापायी एक रजिस्टर कायमचं अडकून पडे आणि प्रत्येक फंक्शनमागे दोन-तीन आज्ञा जास्तीच्या खर्च होत. ६४ बिटी प्रोसेसरचा करार ठरला तेव्हा ही प्रथा ऐच्छिक झाली आणि कंपायलरांनी वेगासाठी ती सोडली. तिच्या जागी आले तक्ते. कोडमधल्या कोणत्या पत्त्यावर असताना परतीचा पत्ता कुठे सापडेल, हे तक्त्यात आधीच लिहून ठेवायचं. या तक्त्यांची लिपी ठरवली ती नव्वदच्या दशकात आकाराला आलेल्या ड्वार्फ या प्रमाणाने.

सी किंवा सी++ मध्ये लिहिलं तर हे तक्ते कंपायलर आपोआप तयार करतो. असेंब्लीत मात्र कंपायलर नसतो. असेंब्लर दिलेल्या आज्ञा जशाच्या तशा आकड्यांत उतरवतो. तक्ता हवा असेल तर नोंदी लिहिणाऱ्यानेच लिहायच्या.

एका पुशची गोष्ट

ही नोंद दिसते कशी, ते एका छोट्या फंक्शनवर पाहता येतं. सगळ्या नोंदींचा आधार असतो सीएफए: कॉल होण्याच्या ऐन आधी, स्टॅकचं चालू टोक दाखवणारा स्टॅक पॉइंटर जिथे होता ती जागा. फंक्शन चालू असेपर्यंत ही जागा हलत नाही, हलतो तो स्टॅक पॉइंटर.

फंक्शनच्या पहिल्या आज्ञेवर सीएफए म्हणजे स्टॅक पॉइंटर अधिक ८, कारण मध्ये फक्त परतीचा पत्ता आहे. आता फंक्शनला आरबीएक्स हे रजिस्टर वापरायचं आहे. बोलावणाऱ्याची किंमत त्यात असते, म्हणून ते आधी पुश करून, म्हणजे स्टॅकवर ढकलून, जपून ठेवावं लागतं. पुश होताच स्टॅक पॉइंटर ८ ने खाली सरकतो. लगेच दोन नोंदी कराव्या लागतात: एक, सीएफए आता स्टॅक पॉइंटर अधिक १६, दोन, आरबीएक्सची जुनी किंमत सीएफएच्या १६ बाइट खाली ठेवली आहे. काम संपून पॉप झालं, म्हणजे ती किंमत स्टॅकवरून परत उचलली, की दोन्ही उलट फिरवायच्या.

प्रत्येक पुशला, प्रत्येक पॉपला, स्टॅक पॉइंटरच्या प्रत्येक बेरीज-वजाबाकीला असं करायचं. एक ओळ विसरली तरी प्रोग्रॅम तसाच चालतो, चाचण्या उत्तीर्ण होतात, उत्तरं अचूक येतात. चालणाऱ्या प्रोग्रॅमला ही नोंद लागतच नाही आणि म्हणूनच तिच्यातली चूक वर्षानुवर्षं कुणाच्या नजरेस येत नाही.

नोंद अजिबात नसली, तर जीडीबीसारखा डीबगर निदान फंक्शनच्या सुरुवातीच्या आज्ञा वाचून अंदाज बांधू पाहतो. नोंद असली की तो तिच्यावर विश्वास ठेवतो. वरच्या उदाहरणात सुरुवात आणि शेवट नोंदवला पण पुशची नोंद राहिली, तर पुशनंतर अनवाइंडर स्टॅक पॉइंटरच्या जागेवरच परतीचा पत्ता आहे असं धरून चालतो. तिथे असते आरबीएक्सची जुनी किंमत. एखादी बेरीज, एखादा मोजणीचा आकडा, काहीही. तोच पत्ता समजून साखळी पुढे सरकते आणि कधीच न चाललेल्या फंक्शनांची नावं अहवालात येतात. अर्धवट नोंद ही नोंद नसण्यापेक्षा अधिक घातक ठरते ती इथे.

हाताने असेंब्ली लिहितं कोण?

आज बहुतेक प्रोग्रॅमरांना असेंब्ली लिहावी लागत नाही. तरी तीन-चार ठिकाणी तिच्यावाचून भागत नाही. पहिलं ठिकाण कुलूपकिल्ल्यांचं गणित. तिथे वेग हवाच, शिवाय गणिताला लागणारा वेळ किल्लीतल्या आकड्यांनुसार कमी-जास्त होऊन चालत नाही, नाहीतर वेळ मोजून किल्ली ओळखता येते. दुसरं व्हिडिओ. लोकलमध्ये फोनवर पाहिल्या जाणाऱ्या चित्रफिती उलगडणाऱ्या एफएफएमपेग आणि डेव्हवनडी यांसारख्या प्रकल्पांत असेंब्लीचा मोठा साठा आहे. तिसरं ऑपरेटिंग सिस्टिमचा उंबरठा, जिथे प्रोग्रॅममधून कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, प्रवेश होतो. आणि चौथं सी भाषेची मूळ लायब्ररी, जिच्यात मेमरी कॉपी करणं, अक्षरांची ओळ शोधणं अशी रोज अब्जावधी वेळा लागणारी कामं असतात.

या चौथ्या ठिकाणी महाराष्ट्रातलं एक नाव ठळक आहे. सिद्धेश पोयरेकर यांनी पुण्यात रेड हॅटमध्ये काम करताना ग्लिबसी या लिनक्सच्या सी लायब्ररीत हात घातला, आणि २०१७ साली आलेल्या तिच्या २.२५ व २.२६ या आवृत्त्या प्रसिद्ध करण्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती. क्वालकॉमच्या फाल्कर या सर्व्हरच्या प्रोसेसरसाठी मेमरी कॉपी करणारं असेंब्ली फंक्शनही त्यांनी लिहिलं. ग्लिबसीत अशा फंक्शनांसाठी चांगली प्रथा आहे. फंक्शन सुरू होतं ते एका ठरावीक मॅक्रोने, म्हणजे आधीच तयार ठेवलेल्या तुकड्याने, संपतं दुसऱ्या मॅक्रोने, आणि नोंदीची सुरुवात व शेवट त्या मॅक्रोंच्या पोटातच असतात. मेमरी कॉपी करणारं फंक्शन सहसा दुसऱ्या कुणाला बोलावत नाही, स्टॅकही फारसा हलवत नाही. त्यामुळे तेवढ्या दोन नोंदींत बहुतेक काम भागतं आणि लिहिणाऱ्याला वेगळं काही आठवावं लागत नाही.

पुण्याचाच दुसरा दाखला केपीआयटी कमिन्सचा. या कंपनीने रेनेसासच्या एसएच, एच८ आणि आरएक्स या प्रोसेसरांसाठी ग्नू टूलचेन, म्हणजे कंपायलर-असेंब्लर यांचे संच, बांधून ते विनामूल्य उपलब्ध करून दिले. सीआर१६ या प्रोसेसरसाठीचा जीसीसी या ग्नू कंपायलरमधला विभागही याच कंपनीचं योगदान म्हणून मूळ कोडमध्ये नोंदलेला होता. गाडी, यंत्रं, घरगुती उपकरणं यांतल्या अशा छोट्या प्रोसेसरांवर चालू होतानाचा पहिला कोड आणि इंटरप्ट हाताळणारा कोड बहुधा असेंब्लीतच असतो. तिथे यंत्र अडकलं, तर स्टॅक हाच एकमेव साक्षीदार उरतो.

चुका कोणत्या होतात?

पहिला प्रकार सर्वांत साधा: फंक्शनला नोंदच नाही. ओपनएसएसएलच्या त्या दुरुस्तीत अशी बरीच फंक्शनं निघाली. ती स्टॅकला हातही लावत नव्हती, म्हणून लिहिणाऱ्याला नोंदीची गरज भासली नव्हती. पण अनवाइंडरच्या दृष्टीने ते फंक्शन म्हणजे नकाशावरचा कोरा भाग होता. लिबअनवाइंड या अनवाइंडर लायब्ररीला तिथून मागे जाता येत नव्हतं. सुरुवात आणि शेवट सांगणाऱ्या दोन ओळी घातल्या आणि अडथळा दूर झाला.

दुसरा प्रकार फाटे फुटण्याचा. अनवाइंडर नोंदी वाचतो त्या कोड मांडलेल्या क्रमाने, चालण्याच्या क्रमाने नव्हे. फंक्शनच्या मध्येच लवकर बाहेर पडायचा रस्ता असेल, तर तिथे सगळे पॉप होतात आणि नोंदीही उलट फिरतात. त्याखाली लिहिलेल्या कोडवर मात्र प्रोसेसर दुसऱ्या फाट्याने येतो आणि तेव्हा स्टॅक भरलेलाच असतो. नोंदीत तो रिकामा दिसतो. यासाठी दोन खास नोंदी आहेत: एक सांगते ‘ही स्थिती लक्षात ठेव’, दुसरी सांगते ‘ती स्थिती परत आण’. मजकूर कुलूपबंद करणाऱ्या एईएस या पद्धतीच्या एका जुन्या फंक्शनमधला संथ रस्ता असाच चुकीचा नोंदलेला होता. तो सुधारण्यासाठी आधी ओपनएसएसएलच्या पर्ल भाषेत लिहिलेल्या असेंब्ली-भाषांतरकाला या दोन नोंदी शिकवाव्या लागल्या.

तिसरा प्रकार साखळीच्या शेवटाचा. मागे जात जात कुठे थांबायचं? प्रोग्रॅमची अगदी पहिली चौकट कुणी बोलावलेली नसते. ग्लिबसीच्या सुरुवातीच्या कोडमध्ये त्यासाठी स्पष्ट नोंद आहे की इथे परतीचा पत्ता अस्तित्वातच नाही. नवा थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधल्या कामाचा वेगळा धागा, जन्माला घालणाऱ्या क्लोन फंक्शनमध्येही तीच नोंद लागते. ती राहिली तर अनवाइंडर स्टॅकच्या टोकाच्या पुढे जाऊन मेमरीतला केरकचरा वाचत बसतो.

चौथा प्रकार फोनमधल्या आर्म प्रोसेसरचा. तिथे परतीचा पत्ता आधी एका रजिस्टरमध्ये राहतो आणि गरज पडली तरच स्टॅकवर जातो. आर्मच्या ८.३ या रचनेपासून या पत्त्यावर सांकेतिक सही करण्याची सोय आली. हल्लेखोराने स्टॅकवरचा पत्ता बदलला तर सही जुळत नाही आणि डाव फसतो. पण सही केलेला पत्ता जसाच्या तसा वापरता येत नाही, तिच्यासाठीचे वरचे बिट बाजूला काढावे लागतात. म्हणून सही करणाऱ्या आज्ञेच्या लगेच नंतर ‘आता पत्ता सहीसह आहे’ अशी नोंद लागते. जुन्या असेंब्लीत संरक्षण घालताना आज्ञा घातली आणि नोंद राहिली, तर कोड अधिक सुरक्षित होतो आणि त्याच वेळी कोसळल्यानंतर वाचता न येण्यासारखाही होतो.

अशा चुकांचा फटका फक्त अहवालापुरता राहत नाही. असेंब्ली फंक्शनने मध्येच सी++ मधलं फंक्शन बोलावलं आणि तिथे एक्सेप्शन उठली, तर ती असेंब्लीची चौकट ओलांडून मागे जाऊ शकली पाहिजे. नोंद नसेल तर ती सांभाळणारं फंक्शन वर हजर असूनही प्रोग्रॅम तिथेच संपवला जातो. लिनक्सवर थ्रेड रद्द करण्याची सोयही याच उलट प्रवासावर उभी आहे.

लिनक्सने नोंदी खोडल्या, मग नव्याने लिहिल्या

हाताने लिहिलेल्या नोंदी किती वैताग आणतात, याचा सर्वांत मोठा दाखला लिनक्स कर्नलचा आहे. २००६ साली कर्नलमध्ये ड्वार्फवर चालणारा अनवाइंडर आला आणि त्याच वर्षी बाहेरही काढला गेला, कारण अडचणीच्या क्षणी तोच अडचण वाढवत होता. असेंब्लीतल्या नोंदी मात्र मागे राहिल्या. त्या वाचणारं कर्नलमध्ये कुणी नाही, त्या बरोबर आहेत का हे तपासणारं कुणी नाही, आणि प्रत्येक बदलाबरोबर त्या सांभाळायच्या मात्र आहेत. अखेर २०१५ साली इंगो मोल्नार यांनी एक्स८६च्या असेंब्ली कोडमधून त्या साफ काढून टाकल्या. कायम बिघडलेल्या आणि सांभाळता न येणाऱ्या, असा शेराच त्या बदलाच्या मथळ्यात होता.

गरज मात्र संपली नाही. चालू सर्व्हर बंद न करता त्याच्या कर्नलमध्ये दुरुस्ती बसवण्याचं तंत्र तेव्हा रुजत होतं. बदलायचं फंक्शन एखाद्या थ्रेडच्या साखळीत मध्येच अडकलेलं असेल, तर त्याला हात लावता येत नाही. म्हणजे साखळी खात्रीने वाचता आली पाहिजे. जॉश पॉइम्बोफ यांनी यासाठी वेगळा मार्ग धरला. त्यांचं ऑब्जटूल हे साधन तयार झालेला मशीन कोड स्वतः वाचतं, प्रत्येक फाट्यावर स्टॅकचं काय होतं याचा माग काढतं आणि तक्ता स्वतःच लिहितं. माणसाने नोंद करायची ती फक्त यंत्राला कळत नाही अशा मोजक्या जागी. ओआरसी नावाची ही पद्धत २०१७च्या नोव्हेंबरात लिनक्स ४.१४ मध्ये आली. तिचे तक्ते ड्वार्फपेक्षा साधे आहेत. मेमरी थोडी जास्त लागते, पण साखळी अनेक पटींनी वेगाने वाचून होते.

प्रत्येक आज्ञेवर थांबून विचारणारी चाचणी

बोरिंगएसएसएलमध्ये बेंजामिन यांनी नोंदी काढून टाकल्या नाहीत. त्यांना चाचणी लावली. ती समजून घेण्यासारखी आहे, कारण ओपनएसएसएलमधली ४१६ बाइटची चूक तिच्यामुळेच हाती लागली.

इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरमध्ये ट्रॅप फ्लॅग नावाचा एक बिट असतो. तो चढवला की प्रोसेसर प्रत्येक आज्ञेनंतर थांबतो आणि ऑपरेटिंग सिस्टिमला वर्दी देतो. चाचणी असेंब्ली फंक्शनला बोलावण्याआधी रजिस्टरांत माहीत असलेल्या किमती भरते, ट्रॅप फ्लॅग चढवते आणि फंक्शन सुरू करते. पहिली आज्ञा झाली की प्रोसेसर थांबतो. चाचणी तिथून लिबअनवाइंडला मागे जायला सांगते आणि त्याने सांगितलेला परतीचा पत्ता व रजिस्टरांच्या जुन्या किमती स्वतःकडच्या खऱ्या आकड्यांशी ताडून पाहते. जुळलं की पुढची आज्ञा, पुन्हा थांबणं, पुन्हा ताडणं. जिथे जुळत नाही, त्या आज्ञेचा ठावठिकाणा छापला जातो.

हजारो आज्ञांचं फंक्शन असलं तरी चाललेली एकही आज्ञा न तपासता सुटत नाही. माणसाने नजरेने वाचून ४१६ बाइटची ती एका आज्ञेची चूक शोधणं जवळजवळ अशक्य होतं. प्रोफायलरचा ठोका नेमका त्याच आज्ञेवर पडण्याची वाट पाहिली असती, तर ती कधी सापडली असती हे कुणालाच सांगता आलं नसतं. याच चाचणीने लिबअनवाइंडमधलाही एक दोष उघड केला. नोंद तपासताना नोंद वाचणाऱ्याचीही परीक्षा झाली.

अलीकडे तिसरा मार्गही खुला होतो आहे. ओरॅकलच्या इंदू भगत यांनी ग्नू असेंब्लरमध्ये अशी सोय आणली की हाताने लिहिलेली असेंब्ली वाचून असेंब्लरनेच नोंदी तयार कराव्यात. २०२४च्या जानेवारीत आलेल्या बिनयुटिल्स या ग्नू साधनसंचाच्या २.४२ आवृत्तीत ती ६४ बिटी एक्स८६साठी प्रायोगिक म्हणून दाखल झाली. ठरावीक शिस्तीत लिहिलेला कोड तिला कळतो. स्टॅक वेडावाकडा हलवणाऱ्या कोडपुढे ती थांबते. दुसरीकडे लिनक्सच्या वितरणांपैकी फेडोराने २०२३च्या एप्रिलमध्ये ३८व्या आवृत्तीपासून आणि उबुंटूने २०२४च्या एप्रिलमध्ये २४.०४ पासून जुनी आरबीपीची साखळी पुन्हा चालू केली. वेगाची थोडी किंमत मोजून का होईना, प्रोफायलरला मागची वाट दिसावी म्हणून. पण ही साखळीही कंपायलरच घालतो. हाताने लिहिलेल्या असेंब्लीत ती घालायची तर तीही लिहिणाऱ्यानेच.

आपल्या वर्गात

महाराष्ट्रात असेंब्ली आजही शिकवली जाते आणि ही आपली जमेची बाजू आहे. मुंबई विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासक्रमात संगणक अभियांत्रिकीच्या चौथ्या सत्राला मायक्रोप्रोसेसर हा विषय होता. मीरा रोडच्या कनाकिया भागातलं श्री एल. आर. तिवारी अभियांत्रिकी महाविद्यालय याच विद्यापीठाशी संलग्न आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मायक्रोप्रोसेसर प्रयोगशाळेत तर विद्यार्थी लिनक्सवर ६४ बिटी असेंब्ली लिहीत आले आहेत. पाच हेक्साडेसिमल संख्या स्वीकारून त्या दाखवण्याचा प्रयोग तिथे शिकलेल्या प्रत्येकाला आठवत असेल. पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांनी जीसीसी रिसोर्स सेंटरच्या माध्यमातून कंपायलरचं अंतरंग उलगडणाऱ्या कार्यशाळा घेतल्या. पाया तयार आहे.

उणीव आहे ती एका तासाची. आज्ञा शिकवल्या जातात, रजिस्टरं पाठ होतात, पुश-पॉपचे प्रश्न परीक्षेत येतात. पण त्या पुशची नोंद कुठे करायची, हे सहसा शिकवलं जात नाही. प्रयोगशाळेतला लोकप्रिय असेंब्लर नॅझम. त्यात ग्नू असेंब्लरसारख्या सीएफआय नोंदींची सोय मिळत आलेली नाही, त्यामुळे हा विषय समोर येतच नाही. आणि मग हीच मुलं नोकरीत गेल्यावर कोसळलेल्या प्रोग्रॅमची अर्धवट साखळी पाहून चक्रावतात.

हे शिकवायला नवी यंत्रसामग्री लागत नाही. प्रयोगशाळेतल्या लिनक्सवर ग्नू असेंब्लर आणि जीडीबी विनामूल्य मिळतात. आरबीएक्स पुश करून दुसऱ्या फंक्शनला बोलावणारं दहा ओळींचं फंक्शन विद्यार्थ्यांनी लिहावं. आधी सगळ्या नोंदींसह चालवावं, जीडीबीत एकेक आज्ञा पुढे जावं आणि प्रत्येक आज्ञेवर बॅकट्रेस, म्हणजे मागची साखळी, मागावा. मग सुरुवातीची आणि शेवटची नोंद तशीच ठेवून पुशची नोंद तेवढी खोडावी आणि पुन्हा तेच करावं. प्रोग्रॅमचं उत्तर दोन्ही वेळा बरोबर येईल, पण दुसऱ्या वेळी पुशच्या पुढच्याच आज्ञेवर साखळी तुटलेली दिसेल. मीरा-भाईंदरपासून पुण्यापर्यंतच्या प्राध्यापकांनी हा एक प्रयोग मायक्रोप्रोसेसरच्या प्रात्यक्षिकांत घालावा, आणि ज्यांच्या कॉलेजात तो नाही त्या विद्यार्थ्यांनी तो घरच्या संगणकावर स्वतः करून पाहावा.